टाक्यांत साठवलेली हवा

माझी भाची नॉर्वेत, ट्रॉनहाइमला शिकते. हे शहर 63 अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या अखेरीला तिथला दिवस जेमतेम साडेचार तासांचा असतो. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "मावशी, लोकरीचे हातमोजे घातले तरी माझी बोटं गारठतात. मग लोकर गरम असते म्हणजे नेमकं काय असतं गं?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. विणायला बसलं की शेजारणी, बसमधल्या बायका, शाळकरी मुलं हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. जाड स्वेटर जास्त ऊब देतो का? टोपी आधी घ्यावी की मोजे? दुकानातली लोकर खरी कशी ओळखायची? या वर्षी मी भाचीसाठी चार गोष्टी विणायला घेतल्या आहेत: कानटोपी, हातमोजे, मफलर आणि पायमोज्यांचा जोड. त्या विणता विणताच तिच्या प्रश्नाचं उत्तर देते.

1. बर्फाला टोपी घातली तर?

घरी करता येईल असा एक प्रयोग सांगते. बर्फाचे दोन सारखे खडे घ्या आणि दोन सारख्या वाट्यांत ठेवा. एक वाटी उघडी राहू द्या, दुसरी लोकरीच्या टोपीत गुंडाळा. पाऊण तासानं पाहा. उघड्या वाटीत पाणी जास्त झालेलं असेल आणि टोपीतला खडा बराचसा शाबूत असेल. लोकर स्वतः गरम असती तर टोपीतला बर्फ आधी विरघळला असता. बर्फवाले लादीवर भुसा पसरून वर गोणपाट टाकतात, तेही याचसाठी.

म्हणजे लोकर उष्णता देत नाही, उष्णतेची वाट अडवते. आत बर्फ असेल तर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही आणि आत माणूस असेल तर त्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपलं शरीर 37 अंशांच्या आसपास अखंड तापलेलं असतं. चूल आपल्यातच आहे, टोपी-मफलर हे तिच्यावरचं झाकण.

या झाकणात अडवण्याचं मुख्य काम हवा करते. जागच्या जागी थांबलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश सरकते. पाण्यातून ती हवेच्या सुमारे 25 पट सहज जाते, लोखंडातून हजारो पट. म्हणून थंडीत लोखंडी कडी हाताला चटका दिल्यासारखी लागते आणि तितकंच गार असलेलं लाकडी दार तसं लागत नाही.

पण हवा एका जागी थांबत नाही. तापली की वर जाते आणि तिची जागा गार हवा घेते. तिला थांबवायचं तर बारीक बारीक कप्प्यांत कोंडावं लागतं. दबलेली गादी पिंजून घेतल्यावर पुन्हा ऊबदार का वाटते? कापूस तेवढाच असतो, वाढलेली असते ती त्यातली हवा. विणणारी बाई लोकर विणते असं दिसतं, खरं तर ती हवेसाठी खोल्या बांधत असते.

याच हिशेबानं वाऱ्याचं कोडंही सुटतं. घरात पुरेसा वाटणारा स्वेटर स्कूटरवर बसलं की अपुरा पडतो, कारण वारा टाक्यांतून शिरून साठवलेली हवा पळवून नेतो. जुन्या पिढीतले स्कूटरवाले स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवायचे. कागद वारा अडवायचा आणि स्वेटर हवा सांभाळायचा. ही जोडी आजही तितकीच बरोबर आहे. ट्रॉनहाइममध्ये वर्तमानपत्राचं काम वाराबंद जाकीट करतं.

2. मेंढीचा केस

हवा कोंडायची तर कापूस का चालत नाही? कोरडा असेपर्यंत चालतो. फरक पडतो तो ओलाव्यानं.

मेंढीचा केस सरळ नसतो. तो नागमोडी असतो, बारीक स्प्रिंगसारखा. दाबला तर दबतो आणि सोडला की परत फुलतो. असे हजारो केस एकत्र पिळून धागा केला, तरी ते एकमेकांना पूर्ण चिकटून बसत नाहीत, मध्ये पोकळी राहते. म्हणजे हवेच्या खोल्या आधी धाग्यात तयार होतात आणि मग टाक्यात.

दुसरा गुण ओलावा पिण्याचा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. ओलावा केसाच्या आत जातो आणि केसांमधल्या पोकळीत हवा तशीच राहते. शिवाय हवेतली वाफ शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर टाकते. लोकर उष्णता देत नाही असं वर म्हटलं, त्याला हा एक छोटा अपवाद. सुती कापड भिजलं की त्याचे तंतू लोळागोळा होतात, पोकळीत पाणी भरतं आणि पाणी तर उष्णता पळवण्यात पटाईत. म्हणून भाचीला मी बजावलं आहे, बर्फात सुती मोजे घालायचे नाहीत.

सगळी लोकर एकसारखी नसते. केसाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो मेंढीचा केस साधारण 17 ते 24 मायक्रॉनचा. तो त्वचेला टेकला की वाकतो, म्हणून मऊ लागतो. 30 मायक्रॉनच्या आसपास गेला की केस वाकण्याऐवजी टोचू लागतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, म्हणून घोंगडी अंगाला टोचते. पण तो काही तिचा दोष म्हणता येणार नाही. पावसात, रानात, मेंढरांमागे वापरायच्या पांघरुणाला चिवटपणा लागतो, तो त्या भरड केसातूनच येतो. गळ्याला मेरिनो आणि खांद्याला घोंगडी, अशी माझ्या मते योग्य वाटणी आहे.

आता दुकानातल्या 'लोकरी'विषयी. आपल्याकडे लोकर म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे अॅक्रिलिकचे असतात, म्हणजे कारखान्यात रसायनांपासून बनवलेला धागा. तो स्वस्त, मऊ, धुवायला सोपा आणि हवाही कोंडतो. पुण्याच्या थंडीत बाळाच्या टोपड्या-मोज्यांना तो पुरतो. मात्र ओलावा तो जवळजवळ पीत नाही. ओळखायचं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा, खाली पाण्याची वाटी ठेवून. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते, ज्योत काढली की बहुधा विझते आणि मागे चुरगळणारी राख राहते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

3. एक धागा, दोन टाके

घोंगडी मागावर विणतात, स्वेटर सुयांवर. मराठीत दोन्हीला 'विणणं' म्हणतात, पण रचना अगदी वेगळ्या. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो, खाटेच्या नवारीसारखा. धागे जवळपास सरळ असतात, त्यामुळे कापड ताणलं जात नाही.

सुयांवर धागा एकच असतो. त्याचा एक फास, त्या फासातून ओढून काढलेला दुसरा फास, त्यातून तिसरा. हाच टाका. एक ओळ विणायला तिच्या रुंदीच्या तिपटीहून थोडा जास्तच धागा लागतो, कारण तो सरळ न जाता प्रत्येक टाक्यात वर चढून खाली उतरतो. ओढलं की ही वळणं सरळ होतात आणि कापड लांबतं. सोडलं की वळणं परत येतात. टोपी डोक्यावरून सरकवता येते आणि मग घट्ट बसते, त्यामागे ही वळणंच आहेत.

टाके मुळात दोनच. फास मागून पुढे ओढला तर सुलट, पुढून मागे ढकलला तर उलट. खरं पाहिलं तर हा एकच टाका आहे. पुढून पाहिला की सुलट, तोच मागून पाहिला की उलट. नक्षीच्या जाड पुस्तकांतलं बरंचसं या दोघांच्या मांडणीतून निघतं.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली की गुळगुळीत कापड तयार होतं, पण त्याच्या कडा वळतात. एका ओळीत एक सुलट, एक उलट असं विणलं तर सुलट टाक्यांच्या उभ्या रेघा पुढे येतात आणि उलट टाक्यांच्या मागे जातात. कापड घडीच्या पंख्यासारखं आपोआप मिटतं. हीच आपली बॉर्डर. टोपीच्या कडेला, मनगटाला, मोज्याच्या तोंडाला बॉर्डर घालतात ती शोभेपेक्षा पकडीसाठी. ऊबदार हवा बाहेर पडायची दारं तिथेच असतात.

4. कानटोपी आणि थोडं गणित

डोक्यातून शरीराची 40-45 टक्के उष्णता जाते, असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. अमेरिकी लष्कराच्या एका जुन्या पुस्तिकेतून हा आकडा पसरला. 2008 च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखानं तो खोडून काढला. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग आणि उघडं असेल तर तेवढ्याच प्रमाणात उष्णता गमावतं. टोपीचं महत्त्व मात्र त्यानं कमी होत नाही. थंडीत शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, डोक्याच्या त्वचेत तसं फारसं घडत नाही. शिवाय उघडे राहतात ते कान, पातळ आणि सगळीकडून वारा लागणारे.

आता सुईवरची टोपी. भाचीच्या डोक्याचा घेर 56 सेंटीमीटर. टोपी ताणून बसायला हवी, म्हणून ती 48 सेंटीमीटरची करायची. किती टाके घालायचे? आधी हाताएवढा चौकोनी नमुना विणायचा आणि पट्टी लावून मोजायचं. माझ्या नमुन्यात 10 सेंटीमीटर रुंदीत 20 टाके बसले. म्हणजे 48 सेंटीमीटरला 96.

हेच 96 टाके घट्ट हाताच्या बाईनं विणले आणि तिचे 10 सेंटीमीटरमध्ये 22 बसले, तर टोपी साडेत्रेचाळीसची होईल. सैल हाताच्या बाईचे 18 बसले तर 53 ची. लोकर तीच, सुई तीच, टाके तेवढेच आणि टोप्यांत जवळजवळ 10 सेंटीमीटरचा फरक. नमुना विणण्यात अर्धा तास जातो म्हणून तो टाळू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

सुई बदलूनही हात सैल-घट्ट करता येतो. आपल्याकडच्या सुयांच्या नंबरांची चाल जुन्या ब्रिटिश पद्धतीची आहे. नंबर मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25 आणि 12 नंबर म्हणजे 2.75. परदेशी नमुना पाहून विणताना याकडे लक्ष ठेवावं लागतं. जाड सुईनं टाका इतका मोकळा होतो की हवा आरपार वाहते, फार बारीक सुईनं हवेला जागाच उरत नाही. पहिल्या भागातल्या खोल्या किती मोठ्या बांधायच्या, हे सुई ठरवते.

माथ्याचं गणित मला सगळ्यात आवडतं. 96 टाक्यांचे आठ भाग करायचे आणि एकाआड एक फेरीत प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणायचे. दर वेळी आठ टाके कमी. 96, 88, 80 असं करत अकराव्या वेळी 8 उरतात, त्यांतून धागा ओवून आवळायचा. एकूण 22 फेऱ्या. माझ्या नमुन्यात 10 सेंटीमीटर उंचीत 28 ओळी होत्या, म्हणजे 22 फेऱ्यांची उंची पावणेआठ सेंटीमीटरहून थोडी जास्त. आता 48 सेंटीमीटर घेराच्या चकतीची त्रिज्या काढा. 48 भागिले 6.28, साधारण 7.6. दोन्ही आकडे जवळपास सारखे! म्हणून माथा सपाट चकतीसारखा होतो आणि डोक्यावर नीट टेकतो. टाके दर चौथ्या फेरीत कमी केले असते तर उंची दुप्पट झाली असती आणि शेंगदाण्याच्या पुडीसारखी टोकदार टोपी झाली असती.

जाता जाता माकडटोपीविषयी. तोंडाभोवती गोल सोडून बाकी सगळं झाकणाऱ्या या टोपीला इंग्रजीत 'बॅलाक्लाव्हा' म्हणतात. क्रिमियातल्या ज्या गावाजवळ 1854 मध्ये लढाई झाली, त्याचं हे नाव. युद्धाशी जोडलेली ती टोपी आपल्याकडे पहाटे फिरायला निघालेल्या आजोबांच्या डोक्यावर स्थिरावली.

5. बोटं एकत्र का ठेवायची

भाचीची मूळ तक्रार बोटांची होती. तिचे हातमोजे पाच बोटांचे होते, दिसायला सुंदर. गारठ्याची अर्धी गोष्ट त्या पाच बोटांतच आहे.

एक हिशेब करू. बोट म्हणजे 2 सेंटीमीटर व्यासाची नळी धरा. एका नळीचा घेर 6.28 सेंटीमीटर, चार बोटांचे मिळून 25. पाच बोटांच्या हातमोज्यात एवढा सगळा घेर थंडीला सामोरा जातो. आता चारही नळ्या शेजारी शेजारी ठेवून भोवती एकच पट्टी गुंडाळा. वरची बाजू 6, खालची 6 आणि दोन टोकांच्या अर्धगोलांचे मिळून 6.28, एकूण 18.3 सेंटीमीटर. थंडीला दिसणारा पृष्ठभाग पावपटीहून अधिक कमी झाला, तोही एक टाका न वाढवता. वर प्रत्येक बोट शेजारच्या बोटाला ऊब देतं. थंडीत कुत्र्याची पिल्लं एकमेकांना चिकटून झोपतात, तसंच.

अंगठा वेगळा आणि चार बोटं एका पिशवीत, अशा हातमोज्याला मिटन म्हणतात. ट्रॉनहाइमजवळच सेल्बू नावाची वस्ती आहे, तिथल्या मिटनना नॉर्वेत मोठा मान आहे. 1857 मध्ये मारित एमस्टाड ही मुलगी स्वतः विणलेले काळ्या-पांढऱ्या नक्षीचे मिटन घालून तिथल्या चर्चमध्ये गेली आणि ती आठ पाकळ्यांची नक्षी गावभर झाली, अशी हकिकत तिथे सांगतात. नक्षी सुंदर आहेच, पण मला मोह पडला तो आतल्या बाजूचा. दोन रंग घेऊन विणताना पांढरा टाका चालू असतो तेव्हा काळा धागा मागून आडवा जातो, काळा चालू असतो तेव्हा पांढरा. सबंध मोज्याच्या आत अशा धाग्यांचा दुसरा थर तयार होतो आणि दोन थरांमध्ये आणखी हवा. शोभेसाठी घेतलेला दुसरा रंग ऊबही वाढवतो. काळजी एकच, मागचे धागे दोन-अडीच सेंटीमीटरहून लांब ठेवायचे नाहीत, नाहीतर घालताना बोटं त्यांत अडकतात.

भाचीचे मिटन मी याच पद्धतीनं विणते आहे. नक्षी मात्र माझी, दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीची. ठिपक्यांची रांगोळी चौकटीच्या कागदावर उतरवली की विणकामाचा आराखडा आयता मिळतो.

6. मफलर

मफलरला आकार द्यावा लागत नाही, म्हणून शिकणाऱ्यानं इथून सुरुवात करावी. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात आणि कडा वळू नयेत यासाठी सगळ्या ओळी सुलट विणायच्या. असं कापड आडव्या वळ्यांचं, जाड आणि हवेनं भरलेलं होतं. मफलरचं खरं काम जाकिटाच्या गळ्याचं तोंड बंद करण्याचं. आतली तापलेली हवा वर चढते आणि तिथूनच निसटते. तो जाकिटावरून मिरवण्याऐवजी आत खोचावा.

7. टाच

मोजा म्हणजे नळी, पण पाय घोट्याशी वळतो. नळाला वळण द्यायला प्लंबर एल्बो लावतो. मोज्यात तो एल्बो सांध्याशिवाय विणावा लागतो.

56 टाक्यांच्या मोज्यात टाचेसाठी निम्मे, म्हणजे 28 टाके घ्यायचे. त्यांची चौकोनी पट्टी विणून झाली की ओळ शेवटपर्यंत न नेता मध्येच थांबून उलटं फिरायचं, पलीकडेही तसंच. मग मधल्या टाक्यांवर ओळी जास्त होतात आणि कडेला कमी. मधलं जास्तीचं कापड बाहेर फुगतं आणि त्याची वाटी होते. शिंपी टक्स घेऊन जी गोलाई आणतो, ती इथे ओळींच्या संख्येनं येते. पहिल्यांदा ती वाटी सुईवर उमटताना पाहिली, तो आनंद मला अजून आठवतो.

माणसानं मोजे बनवायला फार आधी सुरुवात केली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधून आलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, तिसऱ्या ते पाचव्या शतकाच्या दरम्यानचे. ते आपल्या दोन सुयांच्या पद्धतीचे नाहीत, एका सुईनं गाठवून केलेले आहेत. त्यांचा अंगठा वेगळा आहे, पट्ट्याच्या चपलेत घालता यावा म्हणून. थंडीत चपलेसाठी आपल्याकडे मिळतात तसेच! दोन सुयांचं विणकाम युरोपात पसरल्यावर 1589 मध्ये विल्यम ली या इंग्रजानं मोजे विणायचं यंत्रही बनवलं.

आपल्या देशात या कामाचं एक मोठं घर हिमाचलात लाहौलला आहे. 19व्या शतकात केलाँगला आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना सुयांवर विणायला शिकवलं. बायकांनी त्यात आपले रंग आणि आपली नक्षी ओतली. आज लाहौली मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन आहे.

मैदानी भागातल्या बायकांच्या सुयाही एकदा हिमालयासाठी चालल्या होत्या. 1962 च्या चीन युद्धात आपल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, तेव्हा देशभर घराघरांत त्यांच्यासाठी स्वेटर आणि मोजे विणले गेले. कधीही न पाहिलेल्या माणसाच्या पायाचं माप अंदाजानं धरून टाच वळवायची, ही गोष्ट मला मोजे विणताना दर वेळी आठवते.

8. पार्सलमधली चिठ्ठी

पार्सलमध्ये मी एक चिठ्ठी घालते आहे. पहिली ओळ: गरम पाण्यात धुऊ नकोस, चोळू नकोस. लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की शेजारच्या केसांचे खवले एकमेकांत अडकतात, केस पुढे सरकतात आणि परत मागे येत नाहीत. कापड आटतं, ते कायमचं. उत्तर अटलांटिकवरचे कोळी मिटन मुद्दाम मोठे विणून असेच आटवत, कारण घट्ट झालेल्या कापडातून वारा-पाणी सहज शिरत नाही. पण भाचीच्या मिटनना तो जाडपणा नको आहे, रांगोळीचे ठिपके मिटून जातील.

दुसरी ओळ: पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब. तिसरी: दोरीवर टांगू नकोस, पसरून वाळव. ओल्या लोकरीत पाण्याचं वजन भरलेलं असतं आणि टाक्यांची वळणं त्या ओझ्यानं सरळ होतात.

टोपी, मफलर आणि मोज्यांचा जोड तयार आहे. डाव्या मिटनचा अंगठा अजून 12 नंबरच्या सुयांवर आहे, 18 टाके, वरच्या पेरापर्यंत आलेला. पार्सल त्याच्यासाठी थांबलं आहे.